चार रुपयांचा गोलंदाज

हडपसरहून सोलापूर रस्त्याने पुणे लष्कराकडे निघालो, की वाटेत व पुढे बरीच मोकळी मैदाने लागतात. सव्वाशे वर्षांपूर्वी तेथील गोऱ्यांच्या क्लबात एतद्देशीय माणसास प्रवेश मिळे तो बहुधा चाकर म्हणूनच. बाळू पालवणकर असेच आत गेले. खेळासाठी वेतन घेणाऱ्या महाराष्ट्रीय खेळाडूंचा इतिहास शोधू लागलो, तर आपणास प्रथम त्यांच्यापाशी थांबावे लागते.

बाळूंचा जन्म 1876 साली धारवाडास, चर्मकार कुटुंबात झाला. वडील लष्करी नोकरीनिमित्त पुण्यात आले आणि साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी-चेंडूंवर ही मुले क्रिकेट शिकली. पारशांच्या एका मैदानावर झाडलोट करणे व रूळ ओढणे हे बाळूंचे पहिले काम. पगार महिना तीन रुपये. 1892 च्या सुमारास ते गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर गेले. खेळपट्टी तयार करावी, जाळ्या उभाराव्यात आणि साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करावी, असा त्यांचा दिनक्रम असे. ग्रेग हा त्यांतला नामांकित फलंदाज. आपणास बाद केल्यास तो दर खेपेस आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी मानली, तर आठ वेळा ग्रेगला बाद केले की महिन्याचा पगार दुप्पट होई! बॅट मात्र त्या क्लबात बाळूंच्या हाती कधी आली नाही. फलंदाजी हा साहेबांचा मान होता.

या डावऱ्या गोलंदाजाची कीर्ती पुण्याच्या हिंदू खेळाडूंच्या कानी गेली, तेव्हा त्यांच्यापुढे पेच उभा राहिला. साहेबांना हरवावयाचे तर बाळू हवेत. पण बाळू अस्पृश्य! तोड निघाली ती विलक्षण होती. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळावयाचा. चहाच्या वेळी मात्र बाळूंनी बाहेर थांबून मातीच्या भांड्यातून चहा प्यावयाचा. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता.

पुण्यात प्लेगचे दिवस आले आणि बाळू मुंबईस गेले. 1906 साली हिंदू संघाने युरोपियनांना 109 धावांनी हरविले, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. 1911 साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ विलायतेस गेला. त्या दौऱ्यात बाळूंनी 114 बळी घेतले. प्रथम श्रेणीच्या 33 सामन्यांत त्यांनी 179 बळी मिळविले, तेही दर बळीमागे सुमारे पंधरा धावा देऊन.

एवढे कर्तृत्व असता कर्णधारपद त्यांच्याकडे सहज यावयास हवे होते, असे आम्हांस वाटते. ते आले नाही. गुण दिसला की भेद आपोआप गळून पडतो, असा एक भाबडा समज आहे. बाळूंचे चरित्र त्यास दुजोरा देत नाही. 1920 साली त्यांना डावलले गेले, तेव्हा शिवराम व विठ्ठल या त्यांच्या बंधूंनी निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. मग निवड करणाऱ्यांना नमते घ्यावे लागले आणि बाळू उपकर्णधार झाले. 1923 साली विठ्ठल हे हिंदू संघाचे कर्णधार झाले. थोरल्या भावाच्या बळींनी दार किलकिले केले खरे. ते उघडले मात्र धाकट्यांच्या नकाराने.

निवृत्तीनंतर बाळू राजकारणात उतरले. 1937 च्या निवडणुकीत मुंबईत ते काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि पराभूत झाले. डॉक्टरांना 13,245 मते मिळाली, बाळूंना 11,225. दोघेही अस्पृश्यतेचे चटके सोसलेले, पण मार्ग भिन्न. एकाने सवर्ण समाजाच्या मनःपरिवर्तनावर भिस्त ठेवली, दुसऱ्याने हक्कावर. बाळूंचे क्रिकेट कोणत्या मार्गाच्या बाजूने साक्ष देते, याचा निर्णय श्रोत्यांनीच करावा.

1955 च्या जुलैत बाळूंचे निधन झाले. खेळाडूच्या हाताचे मोल देणारे पुष्कळ असतात. त्याच्या शेजारी बसून त्याच कपातून चहा पिणारे किती, या प्रश्नाने समाजाची परीक्षा होते, आणि ती चार रुपयांच्या पगाराबरोबर संपलेली नाही.