न उठलेला फेस

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं की पांढरा फेस उसळतो आणि औषध लागू पडतंय अशी आपली खात्री पटते. पण तो फेस उठवतं आपल्याच रक्तपेशींतलं एक विकर, म्हणजे एन्झाइम. त्याचं नाव कॅटलेज.

पॅरिसच्या थेनार या रसायनशास्त्रज्ञानं १८१८ साली हायड्रोजन पेरॉक्साइड शोधलं. प्राण्यांच्या ऊतींशी गाठ पडताच ते फसफसतं, हेही त्यानंच पाहिलं. फसफसवतंय कोण, हे ठरायला मात्र ऐंशीएक वर्षं गेली. १९०० च्या सुमारास ऑस्कर लोवनं त्या विकराला नाव दिलं. पुढे १९३७ मध्ये समनर आणि डाउन्स यांनी गुरांच्या यकृतातून त्याचे स्फटिक मिळवले.

पेरॉक्साइड बाटलीतच असतं असं नाही. श्वासातल्या ऑक्सिजनवर जगणाऱ्या प्रत्येक पेशीत ते सतत तयार होतं. साचलं तर प्रथिनं नि डीएनए खराब करतं. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. कॅटलेज या पेरॉक्साइडचं पाणी आणि ऑक्सिजन करून टाकतं, आणि कॅटलेजचा एकेक रेणू सेकंदाला पेरॉक्साइडचे लाखो रेणू निकालात काढतो.

कॅटलेजची खरी किंमत कळली ती ते नसताना. १९४६ साली जपानमधल्या ओकायामात कान-नाक-घशाचे डॉक्टर शिगेओ ताकाहारा अकरा वर्षांच्या एका मुलीच्या तोंडातला सडलेला भाग काढत होते. जखमेवर पेरॉक्साइड ओतलं, तर फेस नाही, बुडबुडा नाही. रक्त बघता बघता काळपट तपकिरी झालं. चुकून सिल्व्हर नायट्रेट तर ओतलं गेलं नाही ना, अशी त्यांना शंका आली. पण बाटली बरोबर होती. त्या मुलीच्या रक्तात कॅटलेजच नव्हतं, आणि तिच्या काही भावंडांच्याही. तोंडातले जीवाणू पेरॉक्साइड सोडत, त्याला अडवणारं कुणी नसे, हिमोग्लोबिन निकामी होई आणि हिरडी प्राणवायूवाचून सडे. बाटलीचीच चूक मानून ताकाहारा थांबले असते, तर हा आनुवंशिक दोष कितीतरी वर्षं झाकलेलाच राहिला असता. मला या हकिगतीत सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच.

असा दोष असलेले पुष्कळजण मात्र ठणठणीत असतात, कारण ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारखी दुसरी विकरं भार उचलतात. तरीही हंगेरीत लास्लो गोथ यांनी अशी कुटुंबं तपासली तेव्हा त्यांच्यात मधुमेह जास्त आढळला. इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत कॅटलेज मुळातच फार थोडं असतं. त्यामुळे वर्षानुवर्षं साचत गेलेलं पेरॉक्साइड पहिल्यांदा त्यांनाच भोवत असावं, असा त्याचा अर्थ लावला जातो.