कृष्णाकाठचा गळ

बलाढ्य मासा गळाला लागावा म्हणून बोट, माणसे आणि मोसम यांची आगाऊ तजवीज करण्याच्या छंदाचा इतिहास बहुधा 1898 पासून सांगितला जातो. त्या वर्षी कॅलिफोर्नियाजवळच्या सांता कॅटलिना बेटावर चार्ल्स होल्डर यांनी ट्यूना क्लब स्थापन केला आणि ट्यूना, म्हणजे कोकणातला कुपा, गळावर पकडण्याला नियमबद्ध खेळाचे रूप आले. कृष्णाकाठच्या सातारा-सांगलीला समुद्र नाही, परंतु गोड्या पाण्यात हा खेळ भारतात त्याआधीच रुजला होता: मद्रासचे सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ 1873 मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यात मानाचे पान महसीर या नदीतल्या माशाला होते.

दख्खनी महसीराची शास्त्रीय नोंद त्याहूनही जुनी आहे. सांख्यिकी पाहणीसाठी दख्खनभर फिरलेले कर्नल विल्यम साइक्स यांनी 1839 मध्ये त्याला ‘बार्बस खुद्री’ म्हटले. खुद्री, कोलुस, बोगट अशी त्यांनी दिलेली अनेक नावे नदीकाठच्या लोकांच्या तोंडची आहेत. ज्ञान मासेमारी करणाऱ्या भोयांचे होते, श्रेय साहेबाच्या खाती जमा झाले.

महसीर गळाला लावण्याच्या मोहिमेची आखणीही याच उसन्या ज्ञानावर चाले. पावसाळ्याच्या तोंडाला नदीला लाल पाणी आले की महसीर प्रवाहाविरुद्ध वरच्या ओढ्यांकडे निघतो, तेथे खडीवर अंडी घालतो आणि पाणी ओसरताना खोल डोहांत परततो. सातारा-सांगलीकडे अशा वर सरकणाऱ्या माशांना ‘चढणीचे मासे’ म्हणतात, व जाळी लावणाऱ्याचा हंगाम तोच. गळवाल्याला मात्र गढूळ पाणी निरुपयोगी, कारण महसीर भक्ष्य बरेचसे नजरेने हेरतो. म्हणून त्याची वेळ पाणी निवळल्यानंतरची. माहुली, कराड आणि हरिपूर येथे कृष्णेला अनुक्रमे वेण्णा, कोयना आणि वारणा मिळतात, आणि अशा संगमाखालच्या डोहांचा तळ कोठे कसा आहे हे सांगायला स्थानिक भोईच लागे. साहित्यातही कसर चालत नसे: महसीराच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात, आणि तेथल्या हाडांच्या दाबाने हलका गळ चक्क चुरडला जातो.

सुरुंगाची दारू आणि विष वापरून मासे मारण्यास 1897 च्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्याने बंदी घातली, तरी महसीराची खरी कोंडी धरणांनी केली. 1960 च्या दशकात कोयनेवर आणि पुढे कृष्णेवर धोम येथे, वारणेवर चांदोलीला भिंती उभ्या राहिल्या आणि चढणीची वाट अडली. कोयना व चांदोलीच्या जलाशयांचा मोठा भाग आता संरक्षित वनक्षेत्रात मोडतो, त्यामुळे तेथे हौसेने गळ टाकण्याचा प्रश्नच उरत नाही. जलाशयांनी विजेचा आणि उसाचा प्रश्न सोडवला, हे नाकारण्यात अर्थ नाही; पण माशाचा हिशेब त्या आराखड्यांत क्वचितच धरला गेला.

तो हिशेब उलटा मांडण्याचा प्रयत्न लोणावळ्यास झाला. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांच्या संशोधनाच्या आधारे टाटांच्या वळवण येथील केंद्रात 1970 च्या दशकात दख्खनी महसीराची पैदास सुरू झाली, आणि तेथले बीज इतर राज्यांतही गेले. कावेरीत सोडलेल्या या पाहुण्याने मात्र तेथल्या मूळच्या, पाठीला कुबड असलेल्या महसीराला मागे रेटले. त्या कुबडधारी माशाची शास्त्रीय ओळख 2018 मध्ये निश्चित झाली, तेव्हा तो अतिसंकटग्रस्त यादीत जाण्याच्या बेतात होता.