कुलू शालीचं खरं वय

मनालीच्या दुकानांत कुलू शाल 'शेकडो वर्षांची परंपरा' म्हणून विकली जाते. माल चांगला असतो, वय फुगवलेलं असतं. खांद्यावर घ्यायची, किनारीला रंगीत भौमितिक नक्षी असलेली ही शाल जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांची आहे. जुना आहे तो पट्टू.

पट्टू हे कुलूतल्या बायकांचं वस्त्र. जाड लोकरीचं, अंगाभोवती लपेटायचं आणि खांद्यांशी चांदीच्या बूमणीने, म्हणजे पिनेने, अडकवायचं. माग अरुंद, म्हणून दोन पट्ट्या वेगळ्या विणून मधोमध शिवत. लोकर घरच्या किंवा गद्दी धनगरांच्या मेंढ्यांची. बायका ती चालता-बोलता टकळीवर कातत. बर्फ पडलं की शेतीची कामं थांबत आणि विणकामाला सवड मिळे. पट्टूवर सजावट म्हणाल तर साधे पट्टे आणि चौकटी.

नक्षी आली सतलजच्या खोऱ्यातून. 1940 च्या आसपास रामपूर-बुशहरचे विणकर कुलूत आले आणि किन्नौरी वळणाचं विणकाम त्यांच्याबरोबर आलं. यात नक्षीसाठी धोटा एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जात नाही. प्रत्येक रंगाचा धागा त्याच्या-त्याच्या जागेपुरता बोटांनी ओवायचा, शेजारच्या रंगात अडकवायचा आणि मागे फिरवायचा. वीतभर किनारीने दिवस खाल्ले तर नवल नाही.

शालीच्या जन्माची गोष्ट मात्र सिनेमातली वाटावी अशी सांगतात. रशियन चित्रकार रोरिक यांच्या घराण्याची सून, बॉम्बे टॉकीजची नटी देविका राणी, 1942 मध्ये कुलूत आली आणि तिच्या आग्रहावरून बनोंतर गावच्या शेरू राम यांनी शहरी मापाची पहिली शाल विणली. आता, देविका राणी आणि स्वेतोस्लाव रोरिक यांचं लग्न झालं 1945 मध्ये. तेव्हा 1942 ची 'सून' काही जमत नाही. शेरू रामांचं श्रेय त्यामुळे कमी होत नाही. मला खटकतं ते वेगळंच: या कथेत नटी आहे, विणकर आहे, पण ज्यांच्या पट्टूवरून शाल बेतली त्या बायकांचा उल्लेखही नाही.

पुढे व्यवहार वाढला. 1944 मध्ये 12 विणकरांनी भुट्टी विणकर सहकारी संस्था काढली; 1956 पासून ठाकूर वेदराम यांनी तिला उभारी दिली. घरच्यांसाठी होणारं काम मजुरीचं झालं. स्थानिक लोकरीच्या जोडीला मेरिनो आली, अंगोरा सशाची लोकर आली, आणि किनारीत झगझगीत अ‍ॅक्रिलिकही. आज कुलूच्या खोऱ्यात घरोघरी आणि संस्थांच्या शेडमध्ये खड्डीवर, म्हणजे हातमागावर, बसणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने आहेत. खुद्द पट्टू मात्र रोजच्या वापरातून मागे हटत सणा-लग्नाचा होत चालला आहे.

विणणाऱ्या बायकांचा खरा स्पर्धक यंत्रमाग. शालीला भौगोलिक मानांकन आहे, तरी यंत्रावरच्या नकला त्याच नावाने खपतात. तेव्हा शाल घेताना किनार उलटून पाहा. हातमागावरची नक्षी मागून बहुधा पुढच्यासारखीच स्वच्छ दिसते. मागे धागे लोंबत किंवा कापलेले दिसले, तर घासाघीस न करता सरळ पुढच्या दुकानात जा.