सावली एक, नावे अनेक : स्वादुपिंडदाहाच्या परिभाषेचा इतिहास

बोरिवली किंवा मुलुंडच्या केंद्रात पोटाचा सीटी स्कॅन होतो आणि त्याचा अहवाल परळच्या केईएम रुग्णालयात पोहोचतो. तो वाचणाऱ्या शल्यचिकित्सकाने रुग्णाला अद्याप पाहिलेलेही नसते. पोटात साचलेल्या द्रवाला अहवालात कोणते नाव दिले आहे, यावरून पुढील विचाराची दिशा ठरते. ही नावे स्थिर व्हायला शंभराहून अधिक वर्षे लागली.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेले असते. ते हाताला लागत नाही, साध्या क्ष-किरणातही दिसत नाही. १८८९ मध्ये बोस्टनच्या रेजिनाल्ड फिट्झ यांनी या दाहाचे रक्तस्रावी, पूयुक्त आणि कोथयुक्त असे प्रकार मांडले. पण त्यांचा मुख्य आधार शवविच्छेदन होता. नावे मृतदेहांवरून ठरली आणि लावायची होती जिवंत माणसांना! १९६३ च्या मार्सेय परिषदेपर्यंत ही अडचण फारशी सुटली नव्हती.

१ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये गॉडफ्रे हौन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन झाला. पुढे हे तंत्र पोटापर्यंत आले. १९८५ मध्ये न्यूयॉर्कच्या एमिल बाल्थझार यांनी स्वादुपिंडदाहाच्या सीटीसाठी 'ए' ते 'ई' अशा पाच श्रेणी सुचवल्या. आता सावली दिसू लागली, पण तिला एक डॉक्टर 'फ्लेग्मॉन' म्हणे, दुसरा 'ॲब्सेस', तिसरा 'स्यूडोसिस्ट'.

सप्टेंबर १९९२ मध्ये अटलांटा येथे १५ देशांतील ४० तज्ज्ञ जमले. 'फ्लेग्मॉन' हा शब्द बाद झाला, नव्या व्याख्या ठरल्या. त्या कितपत उपयोगी पडल्या? २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका डच अभ्यासात ७० रुग्णांचे शस्त्रक्रियेपूर्वीचे सीटी पाच तज्ज्ञांना दाखवले गेले. पाचही जणांनी एकच नाव दिले, अशी उदाहरणे निघाली फक्त तीन.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. स्यूडोसिस्टमध्ये जवळजवळ निव्वळ द्रव असतो. तो बारीक नळीने काढता येतो. नेक्रोसिसमध्ये मृत ऊतींचे घट्ट तुकडे असतात. तिथे तीच नळी तुंबते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. शिवाय सीटीत हे तुकडे कधी कधी नीट ओळखू येत नाहीत. एमआरआय किंवा सोनोग्राफीत ते अधिक स्पष्ट दिसतात.

म्हणून २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणाने दोन साधे प्रश्न विचारले: चार आठवडे उलटून भोवती भिंत तयार झाली आहे का? आत केवळ द्रव आहे की मृत ऊतीही? या उत्तरांतून साचलेल्या द्रवाची चार नावे निघाली. 'ॲब्सेस' हा शब्दही गेला.

याच काळात भारतातही ही चर्चा रंगली. २०११ मध्ये कोचीच्या जागतिक परिषदेत दाहाच्या गांभीर्याचे वेगळे वर्गीकरण चर्चेला आले आणि तेही २०१२ मध्येच प्रसिद्ध झाले. एकमतासाठी निघालेल्यांच्या हाती दोन पद्धती आल्या, हे थोडे गमतीचेच.

मराठीतला पेच मात्र निराळा आहे. 'अक्यूट' म्हणजे अकस्मात उद्भवलेला, 'सिव्हिअर' म्हणजे गंभीर. आपण दोहोंसाठी सर्रास 'तीव्र' वापरतो. त्यामुळे 'माइल्ड अक्यूट पॅन्क्रियाटायटिस' हा 'सौम्य तीव्र स्वादुपिंडदाह' होतो. सुधारित अटलांटा वर्गीकरणानुसार एखाद्या अवयवाचे काम ४८ तासांहून अधिक काळ कोलमडलेले राहिले, तरच तो दाह गंभीर ठरतो. घाटकोपरच्या राजावाडी रुग्णालयात कागदावर 'तीव्र' वाचून हादरणाऱ्या नातेवाइकाला हे कळत नाही, की बहुसंख्य 'तीव्र' रुग्ण सौम्य गटातलेच असतात आणि साधारण आठवड्याभरात घरी जातात.