इवाजुकुची लाल माती आणि एक फेरीवाला

१९४९ पर्यंत जपानचे पुरातत्त्वज्ञ लाल माती लागली की खोदकाम थांबवत. ही माती ज्वालामुखींच्या राखेची. जिथे राख बरसत होती तिथे माणूस राहिलाच नसणार, असे गृहीत धरले होते. त्यामुळे जपानचा मानवी इतिहास मातीची भांडी घडवणाऱ्या जोमोन लोकांपासून सुरू होतो, असे मानले जाई.

हा समज मोडला तो एका फेरीवाल्याने. आयझावा तादाहिरो (१९२६-१९८९) यांच्याकडे कोणत्याही विद्यापीठाची पदवी नव्हती. लहानपणीच घर विस्कटले आणि दुकानात नोकर म्हणून राबावे लागले. महायुद्धानंतर ते गुन्मा प्रांतात दारोदार नात्तो, म्हणजे आंबवलेले सोयाबीन, विकत.

१९४६ मध्ये इवाजुकु येथे, रस्त्यासाठी कापलेल्या टेकडीच्या लाल मातीत त्यांना दगडाच्या धारदार चिपा दिसल्या. सोबत भांड्याचे एकही खापर नव्हते. ते पुन्हा पुन्हा तिथे जात राहिले. १९४९ च्या उन्हाळ्यात त्यांना काळ्या ज्वालामुखी काचेचे, भाल्याच्या पात्यासारखे हत्यार मिळाले. त्याच सप्टेंबरमध्ये मेइजी विद्यापीठाच्या सुगिहारा सोसुके यांनी तिथे उत्खनन केले आणि लाल मातीतून दगडी हत्यारे बाहेर आली. त्यांतील सर्वांत जुनी सुमारे ३५ हजार वर्षांपूर्वीची आहेत.

शोधाचे श्रेय मात्र सुरुवातीला विद्वानांकडे गेले. आयझावांना योग्य मान मिळायला बरीच वर्षे लागली.

आज इवाजुकुला छोटे संग्रहालय आहे. तिथली हत्यारे सांगतात की हे लोक भांडी घडवत नव्हते, शेती करत नव्हते. शिकारीमागे फिरत होते. पण दगडी कुऱ्हाडीची धार घासून तयार करण्याचे कसब त्यांच्याकडे होते.

या कथेला दुसरी बाजू आहे. पुढे फुजिमुरा शिनइची नावाच्या हौशी संशोधकाने याहून कितीतरी प्राचीन हत्यारे सापडल्याचे दावे केले. जपानमधला माणूस ६ लाख वर्षांपूर्वीचा ठरू लागला. लोक सुखावले, पाठ्यपुस्तकेही बदलली. नोव्हेंबर २००० मध्ये 'माइनिची शिंबुन' या दैनिकाने छायाचित्रे छापली: फुजिमुरा स्वतःच हत्यारे पुरत होते! फेरतपासणीत त्यांचे शोध बाद झाले आणि पाठ्यपुस्तके पुन्हा दुरुस्त करावी लागली.

दोघेही हौशीच. एकाचे म्हणणे प्रस्थापित समजुतीविरुद्ध होते, तर दुसऱ्याचे सर्वांना हवेहवेसे. म्हणून एकाला उशिरा मान मिळाला आणि दुसऱ्याला तपासायलाच उशीर झाला. आपला इतिहास जितका जुना तितके आपण मोठे, हा मोह कोणत्याही समाजाला होतो. अशा वेळी सांगणारा कोण आहे यापेक्षा पुरावा काय आहे, हेच विचारले पाहिजे. इवाजुकुचा शोध त्या कसोटीवर टिकला. त्यानंतर जपानभर त्या काळाची दहा हजारांहून अधिक स्थळे सापडली आहेत.