पाचव्या चाकाची कुळकथा

इंग्रजीत किंवा जर्मनमध्ये एखाद्याला 'पाचवे चाक' म्हणणे म्हणजे तो नकोसा, अडगळीचा आहे असे सांगणे. गाड्या बांधणाऱ्यांच्या बोलीत मात्र हेच नाव अगदी कामाच्या वस्तूला मिळाले. घोडागाडीचा पुढचा आस मोकळा वळावा म्हणून आस आणि वरचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे लोखंडी कडे बसवीत. जमिनीला कधीच न टेकणारे पाचवे चाक ते हेच. १९१४ मध्ये डेट्रॉइटच्या ऑगस्ट फ्रुहॉफ या लोहाराने फ्रेडरिक सिब्ली या लाकूड-व्यापाऱ्याची होडी वाहण्यासाठी फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला मागून एक गाडी जोडली. तिचे पुढचे टोक मोटारीवरच टेकलेले होते, म्हणून ती 'सेमी-ट्रेलर' ठरली. पुढे अशा गाड्यांच्या जोडणीला त्या जुन्या कड्याचेच नाव चिकटले. १९२८ च्या सुमारास विमानविद्येतला मातब्बर ग्लेन कर्टिस फ्लोरिडात 'एअरोकार' हे फिरते घर बांधू लागला. त्याने मोटारीच्या मागच्या भागात विमानाचे हवा भरलेले चाक चक्क आडवे बसवले आणि घराचे नाक त्याच्या तुंब्यात अडकवले. धक्के टायर सोशी आणि सांधा मागच्या आसाजवळ राही. माझ्या मते घर ओढण्याचा मूळ प्रश्न तिथेच सुटला होता.

पण साध्या मोटारीच्या पोटात चाक ठेवायला जागा कुठली? लोकांनी बंपरखाली गोळा लावला आणि त्यावर घर अडकवले. हा गोळा मागच्या आसाच्या बराच मागे असतो. शेजारून मोठा ट्रक गेला की वाऱ्याने घर हलते, त्याचे नाक मोटारीची शेपूट बाजूला ढकलते, मोटारीचे तोंड उलट दिशेला फिरते आणि हेलकावे सुरू होतात. कमी वेगात ते आपोआप विरतात. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की वाढतच जातात. पुढची सगळी साधने या एका चुकीच्या जागेची भरपाई आहेत. वजन वाटणाऱ्या जोडणीतल्या लवचिक सळया तरफेसारख्या काम करून मोटारीच्या पुढच्या चाकांवर भार परत आणतात, पण हेलकावा त्या स्वतःहून थांबवत नाहीत. घर्षणाची पट्टी सांधा जड करते. आणि अमेरिकेतली महागडी हेन्स्ली जोडणी? ती चार दांड्यांच्या रचनेतून वळण्याचा बिंदू पुढे, आसाच्या दिशेने सरकवते. एवढी हिकमत करून ती जायला बघते कुठे, तर कर्टिसचे चाक होते तिथे!

यावर आक्षेप येईल की पाचव्या चाकाला पिकअप ट्रक लागतो. कुटुंबाच्या मोटारीने काय करावे? शिवाय युरोपात लाखो लोक गोळ्यावरच कॅरव्हॅन ओढतात. दोन्ही खरे. पण तिथली घरे हलकी असतात आणि जर्मनीत अशा गाडीला साधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटरची आहे. १०० साठी वेगळ्या अटी पाळाव्या लागतात. म्हणजे तिथे सांध्याची उणीव वेगाच्या लगामाने भरून काढली आहे. गोळाच वापरायचा असेल तर पट्टी विकत घेण्याआधी सामान नीट लावावे. भरलेल्या घराच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार गोळ्यावर यावा असे अमेरिकेत मानतात. माल मागे गेला की गाडी उलाळते, हे बैलगाडी भरणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. इथे बैलांच्या मानेऐवजी गोळ्यावरचे वजन कमी होते आणि हेलकाव्याला मोकळे रान मिळते. अशा घराला घर्षणाची पट्टी लावली तर हेलकावा नाहीसा होत नाही, थोड्या जास्त वेगावर ढकलला जातो, आणि तोवर चालकाला धीर आलेला असतो. म्हणून माझा क्रम असा: आधी वजनकाटा, मग वेग, आणि पट्टी सर्वांत शेवटी.

मालवाहतुकीने हा वाद कधीच मिटवला. न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरच्या सांध्यात डोकावून पाहा: ग्रीसने माखलेली, ओढणाऱ्या ट्रकच्या मागच्या आसांच्या वर बसवलेली ती तबकडी म्हणजे पाचवे चाकच.