वायडकम येथील विद्युत्पात व त्याची स्मृति

अस्सल पत्र खरें कीं बखर खरी, हा वाद आमच्या वाचकांस नवा नाहीं. त्याच जातीचा एक परदेशी मासला येथें सादर करितों.

इंग्लंडांत डेव्हन परगण्यांतील डार्टमूर नामक ओसाड पठारावर वायडकम हें खेडें आहे. इ. स. १६३८ च्या ऑक्टोबरची २१ वी तारीख (जुनी गणना, शके १५६०, बहुधान्य संवत्सर), वार रविवार. तेथील सेंट पॅनक्रासच्या मंदिरांत सुमारें ३०० माणसें प्रार्थनेस जमलीं असतां एकाएकीं काळोख दाटला, भयंकर गडगडाट झाला आणि अग्नीचा एक गोळा आंत शिरला. मनोऱ्याचें एक शिखर छप्पर फोडून खालीं आलें. चौघे मेले, साठेक जायबंदी झाले. धर्मोपदेशक जॉर्ज लाइड बचावला. त्याच्या पत्नीचीं वस्त्रें मात्र जळलीं. बाहेर पडावें काय, असें कोणीं विचारतां, मरणेंच असेल तर येथें मरणें बरें, प्रार्थना पुरी करूं, अशा आशयाचें उत्तर त्यानें दिल्याचें नमूद आहे.

त्याच वर्षीं लंडनांत या उत्पाताचे वृत्तांत छापून निघाले. गोलाकार विजेच्या जुन्या नोंदींत आज त्यांची गणना होते. गावच्या शाळामास्तरानेंहि तो प्रसंग पद्यांत गुंफिला. तें पद्य मंदिरांतील फळ्यांवर आहे. परंतु मूळ फळ्या जाऊन १७८६ सालीं नव्या लागल्या, सबब हल्लींची ती नक्कल होय, हें संग्राहकांनीं विसरूं नये. (पंतोजीविषयीं आमचा थोडा पक्षपात असणारच.)

लोकांच्या तोंडीं निराळीच कथा. जॅन रेनॉल्ड्स या जुगाऱ्यानें सैतानाशीं करार केला होता कीं, मंदिरांत झोंपलेला सांपडल्यास त्यानें आपणांस न्यावें. त्या दिवशीं हातांत पत्ते धरून तो पेंगला. सैतान पाउंड्सगेटच्या खाणावळींत वाट विचारण्यास थांबला, तेव्हां त्याच्या घशांत मद्य चुर्र वाजलें, आणि त्यानें दिलेल्या नाण्यांचा मागाहून पाला झाला. मग मनोऱ्यास घोडा बांधून त्यानें रेनॉल्ड्सला उचललें. वाटेंत गळलेल्या चार एक्क्यांचीं बर्च टॉरखालीं चार शेतें झालीं; त्यांच्या जुन्या कुंपणांच्या खुणा आजहि दाखवितात.

ही कथा केवळ मनोरंजक म्हणून सोडून द्यावी, असें आम्हांस वाटत नाहीं. देवाच्या दारीं प्रार्थना करणारीं माणसें कां मेलीं, हा प्रश्न गावास सोसवेना. म्हणून एक पापी हुडकणें भाग पडलें. आमच्या मतें यांत मृतांवर अन्याय झाला. जुगाऱ्याचें नांव वाटेवरच्या खाणावळींतहि ऐकूं येतें. त्या चौघांसाठीं मात्र छापील वृत्तांत उघडावे लागतात.